पदवी, परवाना आणि पर्यवेक्षण : मानसशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमाची एक समीक्षा (विशेष संदर्भ : गोरेगाव)

प्रस्तावना

कला शाखेतील ज्या मोजक्या विषयांकडे गेल्या दोन-अडीच दशकांत विद्यार्थ्यांचा ओढा वाढला, त्यांत मानसशास्त्राचा क्रमांक वरचा आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात, बारावीनंतर हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि त्याहून अधिक विद्यार्थिनीला, 'पुढे काय होणार?' असे विचारले, तर बहुधा 'समुपदेशक' किंवा 'मानसोपचारतज्ज्ञ' असे उत्तर मिळते. या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. विद्यापीठाची पदवी ही व्यवसायाकडे नेणारी सरळ वाट आहे, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी अभ्यासक्रम, कायदा आणि परिसर या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या आहेत. परिसर म्हणून गोरेगावची निवड केली आहे. पदवीच्या आधीपासून समुपदेशनाचे काम होत आलेले हे उपनगर असल्यामुळे ही तुलना येथे विशेष बोलकी ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये सुरू झाला. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्याकडे होती आणि विभागाचा भर प्रायोगिक होता. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात प्रा. वि. कृ. कोठूरकर यांनी प्रायोगिक मानसशास्त्राची परंपरा रुजवली. मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये विभाग स्थापन केला, तो 'उपयोजित मानसशास्त्र' या नावाने. हे नामकरण लक्षणीय आहे. गिरण्या, कारखाने आणि कार्यालये यांच्या शहरात हा विषय उपयोगासाठीच शिकवायचा, असा निर्धार त्या नावातच व्यक्त झाला होता.

विद्यापीठाबाहेर मात्र उपयोजनाची सुरुवात याआधीच झाली होती. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना १९३६ मध्ये झाली आणि लगेच पुढच्या वर्षी तिने मुंबईत बालमार्गदर्शन चिकित्सालय चालू केले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि त्याविषयीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तीही मानसशास्त्रीय संशोधनाच्या पायावर. बंगळुरूच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ पासून वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्राची पदविका दिली जाऊ लागली. रुग्णालयात राहून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली घेतलेले शिक्षण हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढे एम.फिल. या नावाने देशभर गेलेले चिकित्सालयीन प्रशिक्षण याच परंपरेतले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतात मानसशास्त्राचे ज्ञान आणि त्याचा व्यवसाय यांचा उगम एका ठिकाणी झालेला नाही. ज्ञान विद्यापीठाच्या वर्गात वाढले, तर व्यवसाय चिकित्सालयात आणि संस्थांत. या दोन प्रवाहांना जोडणारा पूल कोणी बांधायचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

अभ्यासक्रमाचे वाचन

मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्ष कला वर्गात दीर्घकाळ सहा प्रश्नपत्रिकांची रचना होती. मानसशास्त्रीय चाचण्या व संख्याशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र, बोधनिक मानसशास्त्र, समुपदेशन मानसशास्त्र आणि प्रात्यक्षिक असे तिचे स्वरूप होते. विषयांची ही निवड समतोल आहे. तीतून पदवीधराला विषयाचा विस्तार कळतो, संशोधनाची शिस्त थोडीफार अंगी बाणते आणि मानवी वर्तनाकडे पूर्वग्रहाविना पाहण्याची सवय लागते. उदार शिक्षण म्हणून या रचनेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अडचण निर्माण होते ती समुपदेशन आणि प्रात्यक्षिक या दोन ठिकाणी. समुपदेशनाच्या प्रश्नपत्रिकेत संबंधप्रस्थापनेच्या पायऱ्या, सहानुभूतीचे स्तर, नानाविध उपचारपद्धतींचे प्रवर्तक व त्यांची तत्त्वे यांचा समावेश असतो. परीक्षेत विद्यार्थी पायऱ्या लिहितो आणि त्या बरोबर लिहिल्यास त्याला गुण मिळतात. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला तर त्या शांततेचे काय करायचे, हा समुपदेशनातला पहिला खरा प्रश्न होय. आणि लेखी उत्तरपत्रिकेत तो विचारताच येत नाही. प्रात्यक्षिकात स्मरण, अवधान, प्रतिक्रियाकाल यांवरील प्रयोग असतात. बहुधा वर्गमित्र हाच प्रयुक्त असतो. या प्रयोगांमुळे पद्धतीचे शिक्षण होते, परंतु दुःखात असलेल्या अपरिचित माणसाशी विद्यार्थ्याची गाठ पडत नाही.

'समुपदेशन' या संज्ञेकडेही येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तिच्यात 'उपदेश' हा शब्द ठाण मांडून बसला आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या अ-निर्देशक पद्धतीचा गाभा मात्र याच्या नेमका उलट, म्हणजे उपदेश टाळण्याचा आहे. मराठी समाजात वडीलधाऱ्यांनी चार शब्द सांगणे, समजूत घालणे, 'मन घट्ट कर' असे बजावणे ही मदतीची रूढ रीत आहे. वर्गात रॉजर्स शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्ष प्रसंगी या रूढ रीतीकडेच वळण्याचा संभव मोठा असतो, कारण सवय मोडण्यासाठी लागणारा सराव त्याला कोणी दिलेला नसतो. व्याख्या पाठ झाल्याने सवय बदलत नाही, हे तर मानसशास्त्रच शिकवते.

चाचण्यांच्या बाबतीत स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. कामत यांचे रूपांतर आणि नागपूरच्या मालिन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस भारतीय मुलांसाठी केलेली बुद्धिमापन श्रेणी ही मराठी प्रदेशातील भरीव कामे होत. परंतु दोन्हींची मानके आता अनेक दशकांपूर्वीची आहेत. पदवीच्या वर्गात विश्वसनीयता व सप्रमाणता या संकल्पनांची व्याख्या शिकवली जाते. मात्र १९४० च्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक काढणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न अभ्यासाचा विषय क्वचितच होतो. ज्या मुलाला त्या आकड्यावर प्रमाणपत्र मिळणार किंवा नाकारले जाणार, त्याच्या दृष्टीने तो एकमेव महत्त्वाचा प्रश्न असतो.

कायद्याचे वाचन

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा. त्याखाली चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते आणि नोंदणीविना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्याच दिली. परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची चिकित्सालयीन मानसशास्त्रातील अर्हता, अथवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ, पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षण असलेली एम.फिल., असे तिचे स्वरूप आहे. या व्याख्येतील कळीचा शब्द 'पर्यवेक्षित' हा आहे. कायदा पदवी गृहीत धरतो, परंतु व्यावसायिक घडतो तो पर्यवेक्षणातून, असे त्याचे म्हणणे आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखाद्या विद्यार्थिनीच्या एम.ए.च्या गुणपत्रिकेवर 'चिकित्सालयीन' हा शब्द असला, तरी परिषदेची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या बळावर तिला ते अभिधान लावता येत नाही. विद्यापीठाची भाषा आणि कायद्याची भाषा येथे एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. पाच वर्षे शिकून झाल्यावर हा भेद कळणे ही विद्यार्थ्याची मोठी फसगत आहे. आणि ती करणारी कोणी एक व्यक्ती नसून व्यवस्थेतील मौन आहे.

त्यातच एम.फिल.ची वाटही अस्थिर झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांन्वये एम.फिल. पदवी बंद केली. व्यवसायाचे प्रवेशद्वारच ही पदवी असल्याने, जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोरुग्ण समाजकार्य या दोन विषयांपुरती तिची वैधता २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. परिषदेने पदवी व पदव्युत्तर स्तरांवरील नव्या अभ्यासक्रमांची आखणीही हाती घेतली. मूळच्या मोजक्या जागा आणि त्यांवरचे हे सावट, यांमुळे उपनगरातील सामान्य कुटुंबातल्या विद्यार्थ्याला ही वाट दूरचीच राहिली आहे.

मग उरतो तो 'समुपदेशक'. २०१७ च्या कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत त्याला स्थान नाही. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत मात्र वर्तनविषयक आरोग्यशास्त्र या गटात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा उल्लेख आला. हा कायदा शिक्षणाची मोजणी तासांत करतो. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तास आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तास अशी त्याची अट आहे. या कायद्याचा परिणाम विद्यापीठांच्या दारापर्यंत पोहोचला आहे. मानसशास्त्रासह आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली. नोकरी सांभाळून बहिःस्थ रीतीने एम.ए. करणाऱ्यांची, विशेषतः विवाहित स्त्रियांची वाट त्यामुळे बंद झाली. निर्णयाचे तत्त्व योग्य आहे, कारण माणसाशी बोलण्याचे शिक्षण केवळ टपालाने वा पडद्यावरून पुरे होत नाही. मात्र प्रत्यक्ष वर्गात तरी ते शिक्षण होते काय, हा प्रश्न मनाईने सुटत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास या हिशेबाने ते १२० तास होतात. दोन पूर्ण वर्षांच्या चिकित्सालयीन प्रशिक्षणाशी त्याची तुलना केल्यास अंतर किती आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय या १२० तासांत विद्यार्थ्याने नुसती हजेरी लावायची, की त्याच्या प्रत्येक संभाषणावर कोणी जाणत्याने चर्चा करायची, यावर सारे अवलंबून आहे.

परिसराचे वाचन : गोरेगाव

अभ्यासक्रम आणि कायदा यांच्या बाहेर एक तिसरा ग्रंथ उघडा आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष वस्ती. गोरेगावच्या पूर्वेला १९४९ मध्ये वसवलेली आरे दुग्ध वसाहत आणि तिच्यातील आदिवासी पाडे आहेत, शेजारी दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. पश्चिमेला मोतीलाल नगर आणि सिद्धार्थ नगर यांसारख्या जुन्या वसाहती आहेत. सिद्धार्थ नगरमधील पत्राचाळीच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला आणि तेथील ६७२ भाडेकरू कुटुंबांना पुढची दहा वर्षे उलटून गेली तरी घर मिळाले नाही. अशा कुटुंबातील मध्यमवयीन गृहस्थाला झोप येत नसेल, चिडचीड होत असेल, तर त्याला पाठ्यपुस्तकातील 'चिंताविकृती' या प्रकरणात बसवायचे, की घराच्या प्रश्नात? चित्रनगरीत रोजंदारीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाची अनिश्चितता ही 'समायोजनाची समस्या' मानायची की श्रमाची? परदेशी पाठ्यपुस्तकांतील प्रकरणांतून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती परिसरात उतरून, कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली, एकेक माणूस ऐकतच शोधावी लागतात.

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. येथील माणूस 'मला अवसाद आहे' असे म्हणत नाही. 'जीव कशात लागत नाही', 'छातीत धडधडतं', 'डोकं भणभणतं', 'कोणीतरी काहीतरी केलंय' अशी त्याची भाषा असते. पाड्यावर किंवा चाळीत 'अंगात येणे' या अनुभवाला जे सामाजिक स्थान आहे, ते लक्षणांच्या यादीत मावत नाही. इंग्रजीत संज्ञा शिकलेला आणि मराठीत ऐकणारा विद्यार्थी सतत भाषांतर करत राहतो, आणि भाषांतराच्या घाईत पुष्कळदा समोरच्याचे म्हणणे निसटते. मराठीतील दुःखाच्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास हा मानसशास्त्राच्या पदवीचा भाग असायला हवा. मराठी विभाग आणि मानसशास्त्र विभाग यांनी एकत्र बसावे असा हा विषय आहे.

गोरेगावला या कामाची स्वतःची परंपराही आहे. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या मार्गाने सार्वजनिक जीवनात आलेल्या मृणाल गोरे (१९२८-२०१२) यांचे हे कार्यक्षेत्र. केशव गोरे स्मारकाच्या परिसरात उभे राहिलेले 'स्वाधार' हे संकटग्रस्त स्त्रियांसाठीचे साहाय्य व समुपदेशन केंद्र याच चळवळीचे अपत्य. येथील कामाची प्रेरणा विद्यापीठीय मानसशास्त्रातून आलेली नव्हती. मारहाण सोसून आलेल्या बाईला आधी बसायला जागा, मग ऐकणारे कान आणि नंतर कायद्याची व निवाऱ्याची वाट, असा या प्रकारच्या कामाचा क्रम असतो. मुंबईतच टाटा संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेत सुरू झालेला महिलांसाठीचा विशेष कक्ष आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिकेच्या सहभागाने उभे राहिलेले 'दिलासा' केंद्र हीही याच जातीची उदाहरणे होत. चळवळीतली कार्यकर्ती घडते ती अनुभवी कार्यकर्तीच्या शेजारी बसून. याला कोणी पर्यवेक्षण असे नाव दिले नसेल, पण त्याचे कार्य तेच आहे.

दोन आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विद्यापीठ म्हणजे व्यवसायशाळा नव्हे. मानसशास्त्र ही ज्ञानशाखा असून तिचे बहुसंख्य पदवीधर अध्यापन, मनुष्यबळ व्यवस्थापन, संशोधन अशा क्षेत्रांत जातात, त्यांच्यावर चिकित्सालयीन प्रशिक्षणाचे ओझे कशाला? हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु मग विद्यापीठाने तसे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगावे. एका बाजूला माहितीपत्रकात समुपदेशक होण्याची आशा दाखवायची आणि दुसऱ्या बाजूला ज्ञानशाखेच्या शुद्धतेचा आधार घ्यायचा, या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवाना आणि प्रशिक्षण यांवर भर दिल्यास आधीच अपुरी असलेली सेवा आणखी आक्रसेल, असे म्हटले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आणि विविध विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही. मग पदवी आहे त्यांना काम करू द्यावे, हे बरे नव्हे काय?

या आक्षेपाला उत्तर गोव्यातून मिळते. तेथील 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नियंत्रित चाचण्यांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१० व २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्याच्या रुग्णांना अशा समुपदेशकांमुळे लाभ झाल्याचे दिसले. २०१० च्या चाचणीत तो विशेषतः सरकारी केंद्रांत दिसून आला. हे निष्कर्ष पुष्कळदा 'पदवीची गरज नाही' अशा अर्थाने सांगितले जातात. तो अपुरा अर्थ आहे. हे समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते. त्यांच्या कामाचे नियमित पर्यवेक्षण होत होते आणि आपली संभाषणे सहकाऱ्यांसमोर मांडून त्यांवर चर्चा करण्याची शिस्त त्यांना लावलेली होती. म्हणजेच पदवीशिवाय काम होऊ शकते, पण पर्यवेक्षणाशिवाय होत नाही. कायद्याची व्याख्या, गोव्याचे संशोधन आणि गोरेगावची चळवळ एकाच दिशेला बोट दाखवतात. त्या दिशेला पाठ फिरवून बसले आहे ते विद्यापीठ.

या प्रश्नाची निकड अलीकडे वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे मार्गदर्शक आदेश दिले. बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे दाखवता येईल असे प्रशिक्षण त्याच्यापाशी असावे, हेही त्यात आहे. या आदेशाच्या पूर्ततेसाठी उपनगरातील शाळा-महाविद्यालये ज्या तरुण पदवीधरांकडे वळतील, त्यांनी आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याशी कधीही, कोणाच्याही देखरेखीखाली, संवाद केलेला नसेल. अशा नेमणुकीत विद्यार्थी आणि समुपदेशक दोघेही असुरक्षित असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, मानसशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणातील उणीव ज्ञानाची नाही, पर्यवेक्षित सरावाची आहे. आणि ती भरून काढण्यासाठी नव्या पदव्यांची गरज नाही. पदवीच्या प्रवेशाच्या वेळी व्यवसायाच्या कायदेशीर अटी मराठीत, लेखी, सांगितल्या जाव्यात. समुपदेशनाच्या मूल्यमापनात लेखी उत्तरांबरोबर, संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणाच्या चिकित्सेला स्थान मिळावे. कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक हजेरीवर न देता पर्यवेक्षकाबरोबरच्या चर्चांच्या नोंदींवर द्यावेत. 'स्वाधार'सारख्या संस्थांशी महाविद्यालयांनी करार करावेत आणि तेथील अनुभवी कार्यकर्त्यांना पर्यवेक्षक म्हणून मान्यता व मानधन द्यावे. यांपैकी पहिली गोष्ट तर कोणत्याही महाविद्यालयाला कोणाच्या परवानगीवाचून येत्या जूनपासून करता येईल.

मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये आपल्या विभागाला 'उपयोजित' हे विशेषण लावले. या विशेषणाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार अभ्यास मंडळाइतकाच त्या माणसाचाही आहे, जो एके दिवशी कोणा पदवीधरासमोर बसून 'जीव कशात लागत नाही' असे सांगणार आहे. त्याचे ऐकायला बसलेल्याला ऐकणे शिकवले गेले आहे की नाही, हीच या अभ्यासक्रमाची खरी परीक्षा होय.